पगारी उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज कानीं पडला कीं निवडणूक डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीला त्याचा निराळाच अर्थ परिचित होता. मामलेदार कचेरींत, मुनसफाच्या कोर्टांत किंवा एखाद्या वकिलाच्या ओसरीवर जो तरुण विनावेतन नकला करीत बसे, दप्तरें बांधी आणि कारकुनाची जागा केव्हां रिकामी होते याची वाट पाही, तो उमेदवार. उमेद म्हणजे आशा. आणि आशेवांचून त्याच्या हातावर दुसरें कांहीं पडत नसे. अशी उमेदवारी कोणी वर्षभर करी, कोणी तीन वर्षें करी. तोंपर्यंत त्याचें पोट कोणीं भरावें? घरीं चार बिघे जमीन असेल तर बापानें, नाहीं तर थोरल्या भावानें. ज्याला बाप नाहीं, भाऊ नाहीं व जमीनहि नाहीं, तो कितीहि वळणदार मोडी लिहीत असला तरी त्याला कचेरीची पायरी चढतां येत नसे. वरवर पाहतां सर्वांस मोकळी असलेली ही वाट वस्तुतः मिळकतदारांची वाट होती, हें त्या काळीं फारसें कोणाला खुपलें नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तें पुढें खुपलें, आणि निदान एका लहानशा क्षेत्रांत त्यावर उपायहि योजण्यांत आला. तो वृत्तान्त वाचकांपुढें ठेवावा असा आमचा हेतु आहे. वनस्पतिशास्त्र किंवा त्याच्या जवळचा विषय घेऊन नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांमुलींस सुमारें पांच महिने रानांत पाठवावयाचें, त्यांच्याकडून वनस्पतींची नोंद, बियांचा संग्रह वगैरे सृष्टिसंरक्षणाचें काम करून घ्यावयाचें आणि त्याबद्दल त्यांना रीतसर वेतन द्यावयाचें, एवढीच ती योजना. शिकागोच्या वनस्पतिउद्यानानें सरकारी भूमिव्यवस्थापन खात्याच्या साहाय्यानें ती २००१ सालीं सुरू केली. पण हें वेतन दयेपोटीं आलेलें नाहीं. त्या देशानें जवळजवळ सत्तर वर्षें आधीं ज्ञानावांचून नुसते हात, आणि मग वेतनावांचून नुसता उत्साह, असे दोन प्रयोग करून पाहिले. व दोहोंची किंमत मोजल्यावर तो येथवर आला.

पहिल्या प्रयोगाचा काळ बेकारीचा. १९३३ सालच्या मार्चमध्यें फ्रँक्लिन रूझवेल्ट अध्यक्षपदावर आले त्या वेळीं देशांतील दर चार कामकऱ्यांमागें सुमारें एक बेकार होता. तो महिना संपण्यापूर्वींच त्यांनीं एक दल उभारण्याचा कायदा करून घेतला. ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ हें त्या दलाचें रूढ झालेलें नांव. अविवाहित व बेकार, आणि ज्यांचीं कुटुंबें सरकारी मदतीवर जगत होतीं, अशा तरुणांस रानांतील छावण्यांत ठेवावयाचें. त्यांच्याकडून झाडें लावून घ्यावयाचीं, वणवे विझवून घ्यावयाचे, वाहून जाणारी माती बांध घालून अडवावयाची. वेतन महिना ३० डॉलर. आणि त्यांतले साधारणतः २५ डॉलर परस्पर आईबापांकडे जात. हा शेवटचा नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मुंबईच्या मनीऑर्डरीवर ज्यांचीं चूल पेटे त्या कोंकणांतील घरांना तरी तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९४२ सालीं युद्धामुळें दल मोडण्यांत आलें; तोंपर्यंत जवळजवळ ३० लाख तरुण त्यांतून गेले, सुमारें ३०० कोटी झाडें त्यांच्या हातून लागलीं, आणि चाळीस हजारांहून अधिक निरक्षर मुलें त्या छावण्यांतच लिहूं-वाचूं लागलीं. रानासाठीं राबणाऱ्या तरुणाला मजुरी दिली पाहिजे, ती त्याच्या घराला पोंचली पाहिजे, हें तत्त्व एवढ्या मोठ्या प्रमाणावर तत्पूर्वीं कोणीं अंमलांत आणल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

पण या दलाचे दोष लहान नव्हते. मुलींना त्यांत प्रवेश नव्हता. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या खटपटीनें मुलींच्या निराळ्या छावण्या निघाल्या. त्यांत सगळ्या मिळून सुमारें साडेआठ हजार मुलींची सोय झाली, आणि मुलांसारखें वेतन त्यांना मिळालें नाहीं तें नाहींच. कृष्णवर्णीयांच्या छावण्या १९३५ पासून वेगळ्या करण्यांत आल्या. तिसरा दोष मात्र त्या काळीं कोणास दोष वाटलाच नाहीं, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा. या लक्षावधि हातांना झाड लावतां येत होतें. कोणतें झाड कोठें लावूं नये, हें सांगणारा त्यांच्यापाशीं क्वचितच कोणी होता.

कुड्झू नांवाच्या जपानी वेलीची कथा तिकडे शेतकऱ्यांच्या पोरांनाहि ठाऊक आहे. १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत जपानी लोकांनीं ती शोभेसाठीं मांडली होती. पुढें १९३५ सालीं मृदासंधारणाचें सरकारी खातें स्थापन झालें, तेव्हां धुपणारी माती धरून ठेवण्यास हीच वेल उत्तम असें ठरलें. खात्यानें आठ कोटींहून अधिक रोपें तयार करून वांटलीं, ती लावणाऱ्या शेतकऱ्यांस एकरीं आठ डॉलरपर्यंत बक्षीस दिलें, आणि दलांतील तरुणांनीं ती मैलोगणती लावली. मातीला तिनें धरून ठेवलें हें खरें; परंतु मातीबरोबर कुंपणें, ओसाड घरें, विजेचे खांब आणि उभीं झाडेंहि धरलीं. झाडांवर चढून तिनें त्यांचा सूर्यप्रकाश बंद केला. १९५३ सालीं सरकारनें तिचें नांव शिफारशीच्या यादींतून काढलें. ज्या हातांनीं ती लावली त्या हातांना दोष देणें अन्यायाचें होईल. घाणेरी आपल्या डोंगरांवर चढली तेव्हां आपण तरी कोठें जागे होतों?

दुसरा प्रयोग याच्या अगदीं उलट स्वभावाचा. युद्ध संपल्यावर अमेरिकन मध्यम वर्गाकडे मोटारी आल्या व राष्ट्रीय उद्यानांत माणसांचे लोंढे जाऊं लागले. उद्यानांचें अंदाजपत्रक मात्र वाढलें नाहीं. बर्नार्ड डीव्होटो या इतिहासलेखकानें १९५३ सालीं ‘हार्पर्स’ मासिकांत, उद्यानें नीट राखतां येत नसतील तर सरळ बंद करा, असा उपरोधिक लेख लिहिला. तो लेख व्हासार या मुलींच्या कॉलेजांतील एलिझाबेथ कुशमन नांवाच्या विद्यार्थिनीच्या मनाला लागला. पदवीसाठीं जो प्रबंध लिहावयाचा तो तिनें १९५५ सालीं याच विषयावर लिहिला: उद्यानांच्या कामासाठीं विद्यार्थ्यांचें एक दल असावें. कॉलेजांतील प्रबंध बहुधा कॉलेजांतच राहतात, याचा अनुभव आम्हां अध्यापकांइतका कोणास असणार! या मुलीनें मात्र तो बाहेर काढला. १९५७ सालीं ऑलिंपिक व ग्रँड टीटन या दोन उद्यानांत तिच्या संस्थेच्या पहिल्या तुकड्या कामास लागल्या. त्यांत मुलींनाहि स्थान होतें. पूर्वींच्या दलानें दाराबाहेर ठेवलेल्या मुलींपैकींच एकीनें हें दार उघडलें, ही इतिहासाची गंमत म्हणावयाची.

परंतु हीं मुलें स्वयंसेवक होतीं. जेवणखाण, राहण्याची सोय मिळे. घरीं पाठविण्यास कांहीं उरत नसे. सेवावृत्तीबद्दल आमच्या मनांत आदर आहे. राष्ट्रसेवेच्या व शिक्षणसेवेच्या व्रतावर तर महाराष्ट्रांतील निम्मीं कॉलेजें उभीं राहिलीं. तथापि व्रत घेणाऱ्यानें तें स्वखुषीनें घेतलेलें असावें लागतें. तीच नोकरीची पूर्वअट झाली कीं त्याला व्रत म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंत हळूहळू तेंच झालें. किमान मजुरीचा कायदा १९३८ सालीं झाला होता. १९४७ सालीं वरिष्ठ न्यायालयापुढें एक खटला आला: रेल्वेंत ब्रेक सांभाळण्याचें काम शिकण्यासाठीं आठवडाभर येणारीं माणसें मजुरीचीं हक्कदार आहेत कीं काय? न्यायालय म्हणालें, नाहींत. तीं शिकण्यासाठीं आलीं आहेत, कंपनीचा त्यांत तात्कालिक लाभ नाहीं. निकाल आठवड्याभराच्या शिक्षणापुरता होता. पण पुढच्या अर्धशतकांत या चिंचोळ्या दिंडींतून हत्ती-घोडे गेले. वर्तमानपत्रें, चित्रपट कंपन्या, वस्तुसंग्रहालयें, प्रतिनिधींच्या कचेऱ्या, सगळीकडे महिनोन् महिने विनावेतन राबणाऱ्या पदवीधरांची रीत पडली. खुद्द अध्यक्षांच्या निवासस्थानांतील उमेदवारांना वेतन सुरू झालें तें २०२२ सालीं!

निसर्गाच्या क्षेत्रांत या रीतीचा एक विशेष परिणाम झाला. रान शिकावयाचें तर रानांत जावें लागतें. आणि रानांत जाणें स्वस्त नसतें. वकिलाकडे फुकट राबणारा मुलगा रात्रीं घरीं येऊन जेवूं शकतो. नेव्हाडाच्या माळावर फुकट राबणाऱ्या मुलीला जवळ घर नाहीं, दुसरी संध्याकाळची नोकरीहि नाहीं. सबब ज्यांच्या घरीं आधींच पैसा आहे त्यांचींच मुलें या शास्त्रांत टिकणार, हें उघड आहे.

त्याच वेळीं विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राला उतरती कळा लागली होती. प्रयोगशाळेंतील पेशी व रेणु यांची प्रतिष्ठा वाढली, झाडाला नांवानें ओळखणाऱ्याची घटली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, १९८८ सालीं देशांतील अग्रगण्य पन्नास विद्यापीठांपैकीं जवळजवळ तीनचतुर्थांश विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राची वरिष्ठ पदवी मिळे. त्यांतील निम्म्याहून अधिकांनीं तो अभ्यासक्रम पुढें बंद केला. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या जागेसाठीं मात्र त्या विषयांतील किमान चोवीस श्रेयांक लागतात. आणि जीवशास्त्र घेऊन उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेल्या मुलीजवळ ते बहुधा नसतात, कारण कॉलेजानें ते शिकविलेलेच नसतात. त्या पाहणींतील आणखी एक आंकडा आम्हांस विशेष बोलका वाटला. भूमिव्यवस्थापन खात्याच्या ताब्यांत सुमारें साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या तीन महाराष्ट्रांहून अधिक. तेथें दर चाळीस लाख एकरांमागें जेमतेम एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पुणें जिल्हा जवळजवळ एवढाच आहे. आंबेगांवच्या डोंगरापासून इंदापूरच्या माळापर्यंतचें प्रत्येक झाडझुडूप एका माणसानें ओळखावयाचें व राखावयाचें, अशी कल्पना केली म्हणजे प्रकरण ध्यानांत येतें.

या हलगर्जीचें बिल १९९९ सालीं आलें. नेव्हाडा, यूटा, आयडाहो, ओरेगॉन या संस्थानांत पसरलेल्या कोरड्या पठारावर त्या उन्हाळ्यांत सुमारें १७ लाख एकर रान जळालें. हें रान सेजब्रश नांवाच्या राखी रंगाच्या सुगंधी झुडपाचें. त्याच्या मधल्या मोकळ्या जागेंत चीटग्रास हें युरेशियांतून आलेलें गवत घुसलें होतें. हें गवत वसंतांत सर्वांच्या आधीं उगवतें, उन्हाळ्याच्या आरंभींच वाळून कोळ होतें आणि ठिणगी पडतांच पेटतें. सेजब्रश एकदां जळाला म्हणजे परत उभा राहण्यास दशकें लागतात; चीटग्रास मात्र दुसऱ्या वर्षीं पहिल्याहून दाट उगवतें. जळलेल्या भूमीवर तिकडचेंच देशी बियाणें पेरलें पाहिजे, हें सर्वांस पटलें. पण बियाणें आणावयाचें कोठून? पूर्वीं अशा वेळीं आशियांतून आणलेल्या गव्हासारख्या एका गवताचें बीं पेरून मोकळे होत. देशी वनस्पतींचें बीं बाजारांत मिळत नव्हतें, आणि रानांतून तें गोळा करावयाचें तर ती वनस्पति ओळखणारीं माणसें पाहिजेत. अशीं माणसें तयार करणेंच आपण सोडून दिलें होतें, हें त्या राष्ट्राला आगीच्या उजेडांत दिसलें.

शिकागोची योजना आणि देशी बियांच्या संग्रहाचा राष्ट्रीय उपक्रम हीं दोन्ही २००१ सालींच निघालीं हा योगायोग नव्हे. लंडनजवळील क्यू येथील प्रख्यात उद्यानानें वर्षभरापूर्वींच आपली प्रचंड बीजपेढी उघडली होती. तिचाहि या उपक्रमाला हातभार लागला. उमेदवारांना प्रारंभीं आठवडाभर शिकागोस शिकवीत, आणि मग एकेका जिल्हा-कचेरीकडे पाठवीत.

त्यांचें काम किती काटेकोर असतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण ‘रानांत फिरण्याचे पैसे’ असा कोणाचा समज होण्याचा संभव आहे. प्रथम फुलाच्या मोसमांत वनस्पतीचें ठिकाण हेरून तिचें नांव निश्चित करावयाचें. नंतर बीं पिकण्याच्या सुमारास पुनःपुन्हां तेथें जावयाचें. चार दिवस आधीं गेलें तर बीं कच्चें, चार दिवस उशीर झाला तर तें वाऱ्यानें नेलेलें. कांहीं बिया चाकूनें कापून पाहावयाच्या, कारण बाहेरून टपोरी दिसणारी बी आंतून किड्यानें पोखरलेली किंवा नुसतीच पोकळ असते. किमान पन्नास झाडांवरून बीं घ्यावयाचें, म्हणजे एकाच घराण्याचा वंश गोळा होत नाहीं. एका संग्रहांत निदान दहा हजार बिया पाहिजेत. आणि तरीहि त्या दिवशीं तेथें पिकलेल्या बियांपैकीं शेंकडा वीसाहून अधिक घ्यावयाच्या नाहींत. बाकीच्या रानाच्या, पाखरांच्या व मुंग्यांच्या. आमच्या आज्या कृष्णतुळशीच्या मंजिऱ्या खुडतांना रोपावर चार ठेवीत, त्याची येथें आठवण होते. शेवटीं त्या वनस्पतीची एक फांदी टीपकागदांत दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून संग्रहालयाकडे पाठवावयाची. अशा रीतीनें जमविलेल्या संग्रहांची संख्या वीस हजारांवर गेली, आणि शिकागोच्या योजनेतून एक हजाराहून अधिक उमेदवार बाहेर पडले.

आतां आक्षेपाकडे वळूं. पांच महिन्यांचें वेतन संपलें, पुढें काय? हा प्रश्न खोटा नाहीं. कित्येकांना एका उमेदवारींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत जावें लागतें. नोकरी मिळालीच तर ती सरकारच्या मर्जीवर. २०२५ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकन वनखात्यांतून सुमारें ३,४०० व उद्यानखात्यांतून सुमारें १,००० माणसांना एका फटक्यांत काढण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ जण परीविक्षेवरील म्हणजे नुकतेच स्थिर होऊं पाहणारे होते. पुढें न्यायालयांच्या आदेशांनीं कित्येकांना परत घेतलें, तरी मनांत बसलेली भीति कोणता आदेश काढणार? पगारी उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, हें आम्ही मान्य करतों. परंतु तिनें एक गोष्ट निश्चित साधली. शास्त्र आवडतें कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं आईबापांची मिळकत विचारण्याची पाळी तिनें टाळली. आमच्या मतें वेतनाचें मुख्य समर्थन हेंच आहे. काम चांगलें होतें हा लाभ त्याच्या मागून येतो.

आमच्याकडे पदव्युत्तर वर्गांत वनस्पतिशास्त्र घेऊं इच्छिणाऱ्या मुलींचे वडील येतात व अर्ध्या संकोचानें विचारतात, ‘सर, पुढें याचें काय होतें?’ त्यांच्यावर व्यवहारीपणाचा आरोप करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. केंद्र सरकारनें २०२४ सालीं तरुणांच्या उमेदवारीसाठीं महिना ५,००० रुपयांची योजना जाहीर केली, पण ती मोठ्या कंपन्यांतील उमेदवारीची. सह्याद्रीला तिच्यांत जागा नाहीं. आणि पगार घेऊन उकिरडे-माळ न्याहाळणाऱ्या माणसाचा उपयोग काय, हें तर आपल्या पुण्यासच चांगलें ठाऊक असावयास पाहिजे. भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याची पश्चिम विभागाची कचेरी १९५५ सालीं येथें उघडली. दुसऱ्याच वर्षीं त्या खात्यांतील आर. एस. राव यांनीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत पुण्यास आढळलेल्या एका नवागत अमेरिकन रोपट्याची नोंद प्रसिद्ध केली. तेंच आज घराघराच्या कुंपणाशीं माजलेलें गाजरगवत. त्या एका नोंदीनंतर गांवोगांव पाहणारे डोळे नेमले असते तर तें इतकें पसरलें असतें कीं नाहीं, याचा विचार वाचकांनींच करावा.

अमेरिकेंतील त्या मुलांमुलींच्या वाळविलेल्या फांद्यांच्या कागदावर संग्राहक म्हणून त्यांचीं स्वतःचीं नांवें असतात. आपल्याकडे हा मान पूर्वीं मिळालाच नाहीं असें नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला, त्यांत प्रत्येक वनस्पतीखालीं ठिकाण व ती आणणाऱ्याचें नांव दिलेलें आहे. आणि नमुना कुकसाहेबांनीं स्वतः पाहिला असेल तर नांवापुढें उद्गारचिन्ह घातलेलें आहे. स्टॉक्स, लॉ, डॅल्झेल अशा साहेबांच्या पंक्तींत तेथें ‘कानिटकर’ येतात, आणि ‘भिवा’हि येतो. भिवाला आडनांव दिलेलें नाहीं. उद्गारचिन्ह दिलेलें आहे.